सेकंड हाफचा नारळ

"हलगी का थांबली रे?" बायकांच्या गॅलरीतनं मी ओरडले. माझा आवाज मुळातच मोठा. पिठाच्या गिरणीवर जन्म गेलेल्या बाईला हळू बोलताच येत नाही. पट्टा फिरत असताना समोरच्याला दळणाचा हिशेब सांगायचा तर घसा ताणावाच लागतो.

खालच्या पायरीवरनं माझा धाकटा भाऊ हिंदुराव मान वर करून म्हणाला, "अक्का, वाजवून करायचं काय? त्या भोंग्यापुढं ऐकू कुणाला जातंय?"

खरंच होतं ते. मैदानाच्या कडेला माणसाएवढे स्पीकर लावले होते आणि त्यातनं धडाड धुडूम इंग्रजी गाणं सुरू होतं. आमच्या हलगीवाल्यांनी एकदा जोर लावून बघितला, दोनदा बघितला आणि मग टिपऱ्या कमरेला खोचून गप बसले. फायनलला हलगी गप, हे कोल्हापुरात मी जन्मात पहिल्यांदा बघत होते.

आमच्याकडं फुटबॉलची टीम तालमीची असते आणि तालीम पेठेची. टीम हरली की अख्खी पेठ हरते, सोमवारी दळण घेऊन आलेल्या बायकासुद्धा सुतक पडल्यासारख्या उभ्या असतात. आमची वाघजाई तालीम, रंग हिरवा-पांढरा. समोरच्या स्टँडात रणवीर तरुण मंडळ, लाल-काळा. माझा बाप गेल्यापासून कप आमच्या पेठेत आला नव्हता. त्या वर्षी टीम अशी जमली होती की, लोकांनी मिरवणुकीचा ट्रॅक्टरसुद्धा आधीच सांगून ठेवला होता.

आमच्या तालमीची एक रीत आहे. मॅचच्या आधी एक नारळ तालमीतल्या मारुतीपुढं फुटतो आणि दुसरा हाफ सुरू व्हायच्या आधी एक नारळ स्टँडच्या खालच्या पायरीवर. त्याला आम्ही सेकंड हाफचा नारळ म्हणतो. त्यावर हळदीचे पट्टे ओढायचे. एक वाटी गोलकीपरला द्यायची, दुसरी स्टँडात वाटायची. तो फोडायचा मान आमच्या घराचा. आधी बापाचा, बापानंतर हिंदुरावाचा. मी थोरली, पण मान पोराला. बाजारातनं नारळ बघून, वाजवून मी आणायचा, धुवायचा मी, पट्टे मी ओढायचे, आणि फोडायचा त्यानं. मानाच्या नारळाला आम्हा दोघांशिवाय दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, वाटायचासुद्धा त्यानंच. रणवीरवाले नारळबिरळ काही करत नाहीत, ते लिंबू उतरवतात. हे दोन्ही पेठांतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.

तर त्या वर्षी पाण्याच्या टाक्या करणाऱ्या एका कंपनीनं स्पर्धेला पैसा लावलेला. फायनलच्या आधी आठ दिवस गावभर बोर्ड लागले, कोल्हापूरच्या मातीत प्रथमच अमेरिकन पद्धतीच्या चिअरलीडर्स! बोर्डावर गोऱ्या बायकांचा फोटो. पेठेतले बाप्ये बोर्डाखाली उभे राहून "संस्कृती बुडाली, संस्कृती बुडाली" म्हणायचे आणि मान वर करून पुन्हा फोटो बघायचे.

आणि फायनलच्या दिवशी स्पीकर घुमला, पोरी पळत मैदानात आल्या, हातात चमकीचे गोंडे. स्टँडातनं पहिली आरोळी आली ती अशी, "आयला, ह्या तर आपल्याच हाईत की!"

सावळ्या, आपल्याकडच्या पोरी. गोऱ्या असत्या तर शिट्ट्या पडल्या असत्या. आपल्या निघाल्या म्हटल्यावर सगळे एकदम त्यांचे बाप झाले. "घरात आईबाप न्हाईत काय गं?" "पदर कुठं हाय?" कुणी काय, कुणी काय. आणि तेवढ्यात कुणाच्या तरी लक्षात आलं की पोरींचे झगे लाल-काळे आहेत.

झालं. संस्कृती राहिली बाजूला.

"रणवीरनं बायका आणल्या! आमच्या गोलकीपरचं लक्ष घालवायला बायका आणल्या!"

एका तोंडातनं दहा तोंडांत, दहांतनं हजारांत. त्यात त्यांचं लाकडी स्टेज टाकलेलं आमच्याच गोलच्या बाजूला, बायकांच्या गॅलरीच्या ऐन पुढ्यात. आम्हाला निम्मं मैदान दिसेना. माझंही डोकं फिरलं होतं, खोटं कशाला बोलू? वर्षातनं एकदा गिरणी नवऱ्यावर सोपवून मी मॅच बघायला येणार आणि समोर काय, तर गोंडे.

मॅच सुरू व्हायच्या आधी त्यांतली एक पोरगी जाळीपाशी आली. एकोणीस-वीसची असेल. "मावशी, इथे बाथरूम कुठे आहे?"

"मावशी" म्हटल्यावर मी जरा चपापले. मराठी बोलेल असं वाटलंच नव्हतं.

"इथं बायकांसाठी काय न्हाई बाई," मी म्हटलं. "आम्ही सकाळपास्नं पाण्याचा घोट घेत न्हाई, तवा कुठं मॅच बघून होती."

तिचं तोंड एवढंसं झालं. माझ्या शेजारी तानूमावशी बसलेली, पेठेतली सगळ्यात जुनी फुटबॉलवाली, सत्तरीची. ती म्हणाली, "बसू दे की तशीच. नाचाय येतंय तर धराय बी येईल."

मी उठले. राग आपल्या जागी आणि अडलेली बाई आपल्या जागी. गॅलरीच्या मागं 'महिला' लिहिलेली एक खोली होती, तिला कायमचं कुलूप, आत मंडपवाल्याच्या खुर्च्या. वॉचमनला असा काही ओरडले की तो चावीसकट पळत आला. दाराची कडी तुटलेली. ती आत गेली आणि मी दाराला पाठ लावून उभी राहिले.

"मावशी, आहात ना?"

"हाय की. पळून जाती काय मी? नाव काय तुझं?"

"नूतन. नूतन सपकाळे."

"गाव?"

"भुसावळ."

"भुसावळ? मग अमेरिका कुठं राहिली?"

ती आत हसली. "अमेरिका फक्त बोर्डावर, मावशी." मग म्हणाली, "लोक इतके का चिडलेत? स्कर्टमुळे का? आतून पायभर घातलंय आम्ही, अंगाच्या रंगाचं आहे म्हणून दिसत नाही."

"अगं, लांबीचं कोण विचारतंय! रंग बघ की. लाल-काळा म्हंजे रणवीर. तुम्ही रणवीरचे कपडे घालून आमच्या दारात नाचायला लागलाय."

"हा तर कंपनीचा रंग आहे. टाकीवर असतो तो."

"टाकी कोण बघतंय हितं! बरं, ऐक. रणवीरनं गोल मारला तर तेवढ्यापुरतं नाचू नका. गप बसा."

"असं कसं, मावशी? गोल म्हणजे गोल. कोणाचाही झाला तरी नाचायचं, असंच सांगितलंय आम्हाला."

कोल्हापुरात हे वाक्य कुणी बोललं नसेल. मला हसू आलं. ती बाहेर आली, "थँक्यू मावशी" म्हणाली आणि पळाली.

पहिला हाफ संपायला आला आणि रणवीरनं गोल मारला. स्टँड असा गार पडला की काही विचारू नका. आणि त्या गार स्टँडच्या पुढ्यात, आमच्याच गोलशेजारी, भोंगा वाजला आणि आठ पोरी हसत, गोंडे हलवत नाचायला लागल्या. लाल-काळ्या.

ती आग मी शब्दांत सांगू शकत नाही. पाण्याच्या पिशव्या पडल्या, चपला पडल्या. शिव्या तर अशा की, मी गिरणीवाली बाई, मी पण खाली बघितलं. ज्यांच्या घरचं पीठ मी दळते त्या माणसांच्या तोंडात ते शब्द होते. पोरी हसत होत्या. हसत राहायचं हे त्यांचं कामच, पण नूतन माझ्याकडं बघून हसत होती आणि ते हसू नव्हतं.

हाफ टाइम झाला. मैदानात टीमा नाहीत, म्हणजे पोरींचाच वेळ. त्या आमच्या स्टँडसमोर ओळीनं आल्या. खाली हिंदुरावानं नारळ पायरीवर आपटला. एका फटक्यात फुटला, पाणी उडालं, "वाघजाईच्या नावानं!" झालं. एक वाटी त्यानं गोलकीपरसाठी खाली ठेवली. दुसरी हातात.

त्यानं समोर बघितलं. मी त्याच्या हाताकडं बघत होते. हात मागं गेला.

"हिंदू!" मी ओरडले.

नारळाची वाटी नूतनच्या भुवईवर बसली. ती आधी उभीच राहिली, गोंडा कपाळाला लावून, आणि मग गुडघ्यावर बसली. चमकीच्या गोंड्यावरनं रक्त ठिबकायला लागलं. वाटी घरंगळत आली ती आमच्या जाळीखालनं आत, तानूमावशीच्या पायाशी.

आणि स्टँडनं काय करावं? टाळ्या पिटल्या. मॅचभर गप पडलेली हलगी त्या क्षणी वाजली.

भोंगा बंद पडला. पोलीस आले. स्पर्धेचे सेक्रेटरी मैदानात टेबलापाशी उभे राहून माइकवरनं ओरडले, "कुणी फेकलं? ज्या स्टँडातनं फेकलं ती टीम बाद! कप दुसऱ्या टीमला!"

आता मात्र हलगी थांबली.

आमचे आबा वस्ताद, तालमीचे कर्ते, ऐंशीच्या घरातला माणूस. सगळी पेठ त्यांच्या पाया पडते, मीही पडत होते. ते काठी टेकत पुढं गेले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "आमच्यातनं काय बी फेकलेलं न्हाई. रणवीरची पोरं आमच्यात घुसल्यात, हे त्यांचं काम. आमचं नाव घालवायला."

"व्हय व्हय!" अख्खा स्टँड.

"काय फेकलं ते तरी दाखवा," सेक्रेटरी म्हणाले.

"काय सापडलंय काय? न्हाई. मग?"

आणि असं म्हणताना वस्तादांनी हळूच आमच्या गॅलरीकडं बघितलं. नुसतं बघितलं. तानूमावशीला ते पुरलं. तिनं वाटी पदराखाली ओढली, पायरीच्या कडेवर दोनदा आपटली, करवंटी चिरली आणि खोबरं सुटं करायला लागली.

"मावशी, काय करतीस?"

"गप. परसाद हाय. वाटायचाच असतो." ती शेजारणीच्या हातात तुकडा ठेवत पुटपुटली, "खावा गं पटापट."

आणि बायका खाऊ लागल्या. माझ्या शेजारच्या, मागच्या, माझ्याबरोबर शाळेत गेलेल्या. कुणी कुणाकडं बघत नव्हतं, नुसती तोंडं हलत होती. पुरावा चावून गिळायचा चालला होता, आणि तोही देवाचं नाव घेऊन.

तानूमावशीनं मलाही पुढं केला. निम्मी करवंटी, खोबऱ्यासकट. हळदीचा माझाच पट्टा होता तिच्यावर. आणि कडेला लांब केसाचं एक टोक चिकटलेलं. काळ्याभोर केसाचं.

"ह्यावर तिचा केस हाय, मावशी."

"काढ आणि खा."

आज एवढी वर्षं झाली, पण ते "काढ आणि खा" आठवलं की मी हातातलं खोबरं खाली ठेवते.

मी तो तुकडा घेतला आणि जाळीचं दार उघडून मैदानात उतरले. पेठेतली बाई मैदानात उतरलेली त्या स्टेडियमनं कधी बघितली नसावी. आधी कुणीतरी हसलं, मग सगळे गप झाले. हिंदुराव पायरीवर पांढराफटक उभा होता. मी जवळनं गेले तेव्हा एवढंच म्हणाला, "अक्का, कप जाईल."

म्हटलं ना, भाऊ आहे माझा. त्याला अंगाखांद्यावर खेळवलाय मी. त्यानं "अक्का, मला पोलीस नेतील" म्हटलं असतं, तर कदाचित माझा पाय अडखळला असता. तो "कप जाईल" म्हणाला.

टेबलावर मी करवंटी ठेवली. "हा आमच्या तालमीचा नारळ. मी आणलाय, पट्टे माझ्या हातचे. फोडायचा मान माझ्या भावाचा, हिंदुरावाचा. दुसरं कुणी हात लावत न्हाई, आबा वस्तादांना विचारा. लावतंय काय ओ कुणी हात, वस्ताद?"

वस्ताद काठीकडं बघत राहिले. त्यांना आता दोनच वाटा होत्या, मान खोटा पाडायचा नाहीतर आपलं मघाचं बोलणं खोटं पाडायचं.

सेक्रेटरी खालच्या आवाजात म्हणाले, "ताई, जरा विचार करा. तुमच्या टीमवर दोन वर्षं बंदी येईल. मिटवू आपण. त्यांच्या मॅनेजरचीपण तक्रार नाही."

"मॅनेजरला लागलंय काय? जिला लागलंय तिला विचारलं काय कुणी?"

ती बाजूला खुर्चीवर बसली होती, कपाळाला ओला रुमाल. तिच्याभोवती दहा बाप्ये, आणि सगळे एकमेकांशी बोलत होते. मी वाकून विचारलं, "काय करायचं, बाळ?"

ती म्हणाली, "मावशी, मी काय केलं होतं?"

सेक्रेटरी कागदावर लिहीत होते. मी वाचलं, "एक नर्तिका किरकोळ जखमी." माझं पित्त खवळलं ते तिथं.

"एक नर्तिका? नाव न्हाई तिला? लिवा! नूतन सपकाळे! भुसावळची नूतन सपकाळे!" गिरणीवर ताणते त्याच्या दुप्पट घसा ताणला मी. माइक शेजारीच होता, तो सुरू होता. स्टेडियमभर नाव घुमलं. समोरच्या स्टँडलाही गेलं.

मग जे व्हायचं ते झालं. कप रणवीरला. मिरवणूक त्यांनी मुद्दाम आमच्या गल्लीतनं नेली, माझ्या गिरणीच्या दारात गुलालाची पोती फोडली. हिंदुराव रात्रभर चौकीत बसून आला. टीमवर दोन वर्षं बंदी आली. पेठेतलं दळण माझ्याकडं यायचं बंद झालं. आमचे हे रिकामी गिरणी रोज वेळेवर उघडत राहिले. वर्षभरानं एकेक बाई मागच्या दारानं डबा घेऊन यायला लागली.

फेकणाऱ्याला पेठेनं पंधरा दिवसांत माफ केलं. नारळाचा मान अजून त्याच्याकडंच आहे. चिअरलीडर्स काही पुन्हा आल्या नाहीत. आम्ही संस्कृती राखली, असं वस्ताद मरेपर्यंत सांगत होते. आता उन्हाळ्यात तालमीच्या दारात मोठा पडदा लावून क्रिकेट बघतात, त्यात तसल्याच पोरी नाचतात, आणि तीच माणसं शिट्ट्या मारतात. मी माझ्या दारातनं बघते.

दर वर्षी हंगामाचा पहिला नारळ फुटला की हिंदुराव खोबरं घेऊन माझ्याकडं येतो. यंदाही आला. केस पांढरे झालेत त्याचे, गुडघे दुखतात, उंबऱ्याशी चौकट धरून उभा राहिला.

"अक्का, घे की आता. किती वर्षं धरून बसशील?"

"घेते की. त्या पोरीचं नाव काय, हिंदू?"

दर वर्षी मी एवढंच विचारते.

तो खाली बघत म्हणाला, "कुठलं आठवतंय, अक्का? कुणाला विचारू तरी मी आता? ती कंपनी गेली, सेक्रेटरी गेले. कुणाला ठाऊक असणार?"

मी त्याच्यापुढं हातभर अंतरावर उभी होते. मला त्यानं विचारलं नाही. त्यानं खोबऱ्याचा तुकडा रुमालात बांधला आणि गेला.

एवढ्या मोठ्या आवाजात सांगितलं होतं मी.